सुटकेनंतरचा पत्ता

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा उत्सव म्हटला की दानशूरांचे स्मरण होते, पाठशाळा, दवाखाना, धर्मशाळा यांचा आढावा घेतला जातो, आणि ते योग्यही आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या पंक्तीत सहजी बसणारा नाही. तुरुंगातून शिक्षा भोगून बाहेर आलेल्या मनुष्याला राहावयास जागा कोणी द्यावी, हा तो विषय होय. मंगल प्रसंगी हा विषय कशास, असे काहींना वाटेल. परंतु ज्याला गावात स्वतःचे घर नाही त्याच्यासाठी गावाने बांधलेले घर म्हणजे धर्मशाळा. धर्मशाळा बांधणाऱ्या समाजापुढे हा प्रश्न मांडण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

सुटकेच्या दिवसाचे चित्र प्रथम डोळ्यांपुढे आणावे. शिक्षेची मुदत संपलेला बंदी कार्यालयात येतो. नोंदवहीवर सही किंवा अंगठा उमटवितो. तुरुंगातील कामाच्या मजुरीपैकी जी शिल्लक असेल ती त्याच्या हाती पडते. आत येताना जमा केलेल्या चीजवस्तू त्याला परत मिळतात. त्यांत बहुधा कपड्यांचे एक गाठोडे असते. दहा-बारा वर्षांपूर्वीची विजार आणि सदरा. कापडाच्या व्यवहारातील मंडळींस सांगावयास नको, की वर्षानुवर्षे घडी न मोडता पडून राहिलेले सुती कापड घडीवरच विरते. शिवाय आत गेलेला पंचविशीतला तरुण आणि बाहेर पडणारा चाळिशीकडे झुकलेला मनुष्य यांच्या अंगाचे मापही एक नसते. तेव्हा तो उसवलेला सदरा अंगात अडकवून तो मोठ्या दरवाजातील लहान दिंडीतून वाकून बाहेर पडतो. समोर रस्ता असतो. डावीकडे जावे की उजवीकडे, हा त्याच्या नव्या आयुष्यातील पहिला निर्णय.

संयुक्त राष्ट्रसंघाने बंद्यांच्या वागणुकीविषयीचे किमान नियम १९५५ साली तयार केले आणि २०१५ साली ते सुधारून त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव दिले. स्वतः मंडेला सत्तावीस वर्षे कारावासात होते. या नियमांत सुटणाऱ्या माणसासंबंधी एक लहानसे कलम आहे. त्याच्यापाशी ओळखीची कागदपत्रे असावीत, जावयास योग्य घर आणि करावयास काम असावे, हवामान व ऋतू पाहून त्याच्या अंगावर पुरेसे वस्त्र असावे आणि मुक्कामी पोहोचण्यापुरते साधन असावे, अशा आशयाचे ते कलम आहे. जगभरच्या विद्वानांनी एकत्र बसून इतक्या साध्या गोष्टी लिहून ठेवल्या, याचा अर्थ या साध्या गोष्टीच मिळत नाहीत.

या चार गोष्टींपैकी वस्त्राची सोय एका दुपारी होते आणि प्रवासखर्चाचीही होते. अडते ते घराशी. घर अडले की कागदपत्रे अडतात आणि कामही अडते. आजच्या व्यवहारात मनुष्य चेहऱ्यावरून ओळखला जात नाही, पत्त्यावरून ओळखला जातो. शिधापत्रिकेला पत्ता लागतो, बँकेच्या खात्याला पत्ता लागतो, मोबाईलच्या सिमकार्डालाही पत्ता लागतो. कामावर ठेवणारा विचारतो, ‘राहतोस कोठे?’ खोली देणारा विचारतो, ‘कामाला कोठे असतोस?’ या दोन प्रश्नांच्या कात्रीत सापडलेला मनुष्य पहिल्या काही रात्री रेल्वेच्या फलाटावर किंवा पुलाखाली काढतो. तेथे त्याला कोण भेटते? बहुधा जुने सोबतीच भेटतात. त्यांच्याजवळ मात्र जागा असते आणि ते कोणताही कागद मागत नाहीत. ‘सुटला तरी सुधारला नाही’ असे म्हणून आपण मान हलवितो, तेव्हा ही मधली आठ-दहा दिवसांची हकिगत आपणांस ठाऊक नसते.

आपल्या गावी, आपल्या घरी का जात नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. पुष्कळ जण जातात आणि त्यांचे बरे चालते. ज्याची आई जिवंत आहे, त्याचे बहुधा ठीक होते. परंतु अनेकांना गाव उरलेला नसतो. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, तर ज्या घरातील माणूस गेला ते घर त्याच गल्लीत असते. ते लोक रोज समोर दिसणार, आणि त्यांच्या डोळ्यांतील प्रश्न रास्तच असणार. अशा वेळी गावी न जाण्यात भ्याडपणा नसतो, एक प्रकारची मर्यादा असते. काहींची जमीन वकिलाच्या फीपायी विकलेली असते. काहींची झोपडी मधल्या काळात पाडली गेलेली असते आणि पुनर्वसनाच्या यादीत तुरुंगातल्या माणसाचे नाव कोण घालणार? काहींच्या घरात धाकट्या भावाचा संसार उभा राहिलेला असतो, मुलीचे लग्न जमत आलेले असते आणि घरातलेच हळूच सांगतात की काही दिवस दुसरीकडे राहा.

स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. तुरुंगातील पुरुषाला भेटावयास पत्नी येते, आई येते. तुरुंगातील स्त्रीला भेटावयास येणारे थोडे. सासरचे दार बंद झालेले असते आणि माहेरचे दार उघडण्यास भावजयीची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेल्या निर्णयानुसार आईसमवेत तुरुंगात मुलाला सहा वर्षांपर्यंतच राहता येते. त्यानंतर ते मूल नातलगांकडे किंवा बालगृहात जाते. अशी स्त्री सुटून आली की तिला प्रथम मूल हवे असते, आणि मूल परत मिळविण्यासाठी तिला घर दाखवावे लागते. फिरून पुन्हा पत्त्यापाशीच येऊन थांबावे लागते.

आता घरमालकाची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेजारीपाजारी बायका-मुले आहेत, उद्या काही घडले तर बोल मालकाला लागणार, सोसायटीच्या सभेत चार जण उभे राहणार, शेजारची खोली रिकामी पडणार. ही भीती खरी आहे आणि ती बाळगणारा मनुष्य दुष्ट नव्हे. मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला जागा भाड्याने देऊ नये, असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही. करारनामा लेखी करून नोंदवावा लागतो, शहरांतून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी लागते. पण हे तर प्रत्येक भाडेकरूच्या बाबतीत लागू आहे. नकार असतो तो आपला, आणि आपण त्याला कायद्याचे नाव देतो.

व्यापारी माणसाला समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर, एखाद्याचे येणे पूर्ण वसूल झाले की खतावणीत दोन रेघा ओढून ते खाते बंद करावयाचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. वसूल झालेली रक्कम पुढच्या वर्षाच्या वहीत पुन्हा बाकी म्हणून ओढणारा मुनीम कोणत्याही पेढीवर टिकणार नाही. न्यायालयाने सांगितलेली शिक्षा भोगून झाल्यावरही आपण ती रक्कम वर्षामागून वर्षे ओढीत असतो. अर्थात, गुन्ह्यामुळे ज्या घराचे नुकसान झाले त्या घराचे खाते वेगळे आहे, आणि ते इतक्या सहजासहजी मिटत नाही हेही म्हटले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बंद्यांना कामाची रास्त मजुरी मिळावी असे सांगताना त्या मजुरीतील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला ठेवावा, असेही सुचविले होते. दोन्ही खाती एकाच वहीत लिहिण्याचा तो प्रयत्न होता.

हे सारे ऐकून ‘बोलणे सोपे, करणार कोण’ असे मनात येणे स्वाभाविक आहे. करून दाखविणारे होऊन गेले आहेत आणि ते दूर कोठे परदेशात नव्हेत. पूर्वीच्या औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सातारा-सांगली भागातच, असे दोन प्रयोग झाले. एक उद्योजकाने केला, दुसरा राजाने.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळरानावर जागा दिली. निवडुंग आणि फुरसे यांखेरीज तेथे काही नव्हते. लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर कामगारांच्या राहण्याची वसाहतही उभी केली, तीच किर्लोस्करवाडी. रानात वसलेल्या या वसाहतीला रात्रीचा पहारा हवा होता. त्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेल्या, गुन्हेगार म्हणून ज्यांची ख्याती होती अशा माणसांना नेमले. चोराच्या हाती किल्ल्या, अशी आपल्याकडे म्हण म्हणून वापरली जाणारी गोष्ट त्यांनी व्यवहारात आणली, आणि ती यशस्वी झाली. यामागे भाबडेपणा नव्हता. लक्ष्मणराव यंत्रांतला एकेक दोष शोधून काढणारे चिकित्सक गृहस्थ होते. ज्याला काम मिळाले, राहावयास वसाहत मिळाली आणि चारचौघांत विश्वासाची जागा मिळाली, तो ती गमावण्याचे धाडस सहसा करीत नाही, एवढाच त्यांचा हिशेब असला पाहिजे.

दुसरा प्रयोग १९३९ सालचा. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच वर्षी प्रजेला स्वराज्याची राज्यघटना देऊन मोठे धाडस केले होते. त्यांच्या सल्लागारांत मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडमध्ये जन्मलेले एक ज्यू अभियंता होते. बंगळूरमधील विजेच्या साहित्याच्या कारखान्यातील मोठ्या अधिकाराची जागा सोडून ते भगवी वस्त्रे ल्याले आणि भारतानंद झाले. सूतकताईची ‘धनुष तकली’ त्यांनीच तयार केली; तेव्हा कापडाच्या व्यवसायाशीही त्यांचे लांबचे नाते लागते. या फ्रिडमन यांच्या कल्पनेतून आणि राजेसाहेबांच्या पाठबळावर आटपाडीजवळ बंद्यांची एक वसाहत वसविण्यात आली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाला स्वतंत्रपूर म्हणावयास केवढी हिंमत लागली असेल!

माणदेशातील आटपाडीचा हा भाग कायमचा दुष्काळी. भिंत नसलेल्या त्या माळावर दीर्घ मुदतीची शिक्षा झालेले बंदी आणले गेले. प्रत्येकाला राहावयास लहानसे घर आणि कसावयास जमीन. यातील सर्वांत मोठी गोष्ट अशी, की त्यांना बायको-मुलांना सोबत आणण्याची मुभा होती. आपण सहसा शेतीच्या श्रमांचे कौतुक करतो. श्रम तर सक्तमजुरीतही असतात. स्वतंत्रपुरात नवे होते ते घर. संध्याकाळी दिवा लावणारे माणूस घरात असेल, मुलाला शाळेत घालावयाचे असेल, तर पळून जाणार कोठे आणि कशासाठी? १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, राजे गेले, स्वतंत्रपूर मात्र राहिले. राज्याच्या कारागृह विभागाने ते पुढे चालविले. वसाहत लहानच, तिशीच्या आतबाहेर बंद्यांची, पण तिच्या मागून येरवडा, पैठण, मोर्शी अशा ठिकाणी खुली कारागृहे निघाली.

सर्वसामान्य माणसाला स्वतंत्रपूर ठाऊक नसले तरी त्याची कथा ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट याच वसाहतीवरून स्फुरला. कथा ग. दि. माडगूळकरांची. ते जन्माने आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे, तेव्हा ही हकिगत त्यांच्या घरच्या अंगणातलीच होती. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. सहा खुनी बंद्यांना उजाड जमिनीवर घेऊन जाणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याचे नाव त्यात आदिनाथ आहे, हे येथे बसलेल्या अनेकांच्या ध्यानात असेल. आणखी एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात राहत नाही. या चित्रपटातील खलपुरुष दरोडेखोर नाही आणि तुरुंगातील अंमलदारही नाही. तो बाजारातील व्यापारी आहे. बंद्यांनी पिकविलेली भाजी रास्त भावात विकली जाऊ लागताच त्याचे गणित बिघडते, आणि सुधारत आलेल्या माणसांना पुन्हा बिघडविण्याच्या खटपटीला तो लागतो. व्यापारी समाजाने हा भाग थोडा निरखून पाहावयास हरकत नाही.

औंधानंतर याच वाटेवरचे मोठे पाऊल राजस्थानात पडले. तेथील राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांच्या प्रेरणेने १९६३ साली जयपूरनजीक सांगानेर येथे खुले बंदी शिबिर सुरू झाले. आपल्यापैकी पुष्कळ जण छापील कापडाच्या खरेदीसाठी सांगानेरास जाऊन आले असतील. संघीजींच्या मंदिरात दर्शनही घेतले असेल. शिबिर मात्र दिसले नसेल, कारण दिसण्यासारखी उंच भिंत तेथे नाही. तेथील बंद्यांनी आपली घरे आपणच बांधली आहेत. ते कुटुंबासह राहतात, सकाळी हजेरी देऊन गावात कामाला जातात, स्वतःच्या कमाईवर घर चालवितात आणि संध्याकाळी पुन्हा हजेरीला उभे राहतात. गावातील दुकानांतून, कारखान्यांतून काम करणारी ही माणसे शिक्षा भोगीत आहेत हे त्यांच्या मालकांना ठाऊक असते. तरी व्यवहार चालतो.

याच सांगानेरात एक अडचण उभी राहते. शिक्षा संपली की शिबिरातील घर सोडावे लागते, आणि काही बंदी ते सोडावयास तयार होत नाहीत. प्रशासनाला त्यांना समजावून, प्रसंगी नोटिसा देऊन घराबाहेर काढावे लागते. तुरुंगातून माणूस बाहेर पडू इच्छीत नाही, हे ऐकून प्रथम हसू येते. नीट विचार केला की हसू मावळते. आत असेपर्यंत त्याला घर होते, मुलांची शाळा होती, काम होते. सुटकेच्या आदेशाने यातील पहिली गोष्ट जाते, आणि ती गेली की बाकीच्या दोन फार दिवस टिकत नाहीत. त्या शिबिराची जमीन रुग्णालयासाठी देण्याच्या हालचाली झाल्या तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि खुल्या वसाहतींचे क्षेत्र कमी करू नये, असे न्यायालयाने २०२४ साली बजावले. वसाहत वाचविणे सरकारच्या आणि न्यायालयाच्या हातात आहे. वसाहतीनंतरचे घर देणे मात्र त्यांच्या हातात फारसे नाही. ते तुमच्याआमच्यासारख्या चाळ, वाडा, गाळा बाळगणाऱ्यांच्या हातात आहे.

आतापर्यंत बोलणे झाले ते शिक्षा झालेल्यांविषयी. प्रत्यक्षात तुरुंगांतील बहुसंख्य माणसांवरील गुन्हा अद्याप शाबीतच झालेला नसतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. यांतील कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, जामीनदार मिळाला तर त्याच्यापाशी ऐपतीचा दाखला नसतो, आणि स्वतःचा पक्का पत्ता नसल्याने न्यायालयाचा विश्वास बसत नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत सूचना दिल्या आणि केंद्र सरकारनेही गरीब बंद्यांच्या जामिनासाठी साहाय्याची योजना आणली. त्या वेळच्या तरतुदीनुसार कच्च्या कैद्याला ४० हजार रुपयांपर्यंत मदत त्यातून होऊ शकत असे. तरीही पत्ता हा प्रश्न उरतोच. खून-दरोड्याच्या गुन्हेगारास घर द्यावयास ज्यांचे मन धजत नाही, त्यांनी निदान किरकोळ चोरीच्या आरोपात वर्षभर अडकून पडलेल्या मजुराचा विचार करावा.

सरकारी योजना मुळीच नाहीत असे नाही. प्रत्येक जिल्ह्यात महिला व बालविकास विभागाचे परिवीक्षा अधिकारी असतात. मुक्त बंद्यांना धंदा सुरू करण्यास साहाय्य देण्याचे काम त्यांच्याकडे आहे. निराधार होऊन तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांना पूर्वीच्या ‘स्वाधार’ व आताच्या ‘शक्ती सदन’ योजनेतील गृहांत आसरा मिळू शकतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू केली. तीत बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. बँक तुरुंगातील माणसाला कर्ज देते आणि आपण सुटलेल्या माणसाला खोली देत नाही, ही तुलना थोडी बोचणारी आहे खरी. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून याच कामात आहे. सुटून आलेल्यांना काही महिने सामाजिक संस्थांतून उमेदवारीवर ठेवावयाचे, त्यांना थोडे मानधन मिळवून द्यावयाचे, म्हणजे पुढच्या मालकाला दाखविण्यासारखा अनुभव त्यांच्यापाशी जमा होतो, अशी एक चांगली पद्धत त्यांनी रुळविली.

आपल्या आगमांतील अर्जुनमाळ्याची कथा प्रत्येक श्रावकाने लहानपणी ऐकलेली असते. राजगृहीत ज्याच्या भीतीने लोक वेशीबाहेर पडेनासे झाले होते, त्याच्यासमोर सुदर्शन श्रेष्ठी निःशस्त्र उभे राहिले आणि पुढे अर्जुनमाळी भगवान महावीरांपाशी दीक्षा घेता झाला. कथा सांगताना आपण बहुधा येथे थांबतो. आगमात ती थांबत नाही. दीक्षेनंतर हे मुनी त्याच राजगृहीत गोचरीला जात. लोक म्हणत, याने माझा बाप मारला, याने माझी बहीण मारली. कोणी शिव्या देत, कोणी मारीत. अन्न मिळाले तर पाणी मिळत नसे, पाणी मिळाले तर अन्न मिळत नसे. संघाने ज्याला स्वीकारले त्याला नगराने स्वीकारले नव्हते. मुनींनी ते सारे समभावाने सोसले, ही त्यांची थोरवी. सामान्य संसारी माणसाकडून तशी अपेक्षा धरणे हा मात्र अन्याय होईल. सुदर्शन हे श्रेष्ठी होते, म्हणजे व्यापारी होते, हेही जाता जाता सांगावयास हवे.

एखाद्या मध्यम गावातील विश्वस्त संस्था या कामी नेमके काय करू शकते? वसतिगृह बांधण्याची घाई करू नये. इमारत झाली की पाटी लागते, आणि ‘सुटलेल्या कैद्यांचे घर’ अशी पाटी लागली की आत राहणाऱ्याची सुटका पुन्हा रद्द झालीच म्हणावयाची. एक खोली पुरे. ती चाळीतली असावी, चार सामान्य बिऱ्हाडांच्या मध्ये असावी. सोसायटीतील सदनिकेपेक्षा संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या चाळीतील खोली बरी, कारण तेथे परवानगीसाठी सभा बोलवावी लागत नाही. माणूस कोण हे पोलीस ठाण्याला ठाऊक असावे, संस्थेच्या अध्यक्ष-चिटणिसांना ठाऊक असावे. प्रत्येक शेजाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. माणूस परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या किंवा एखाद्या अनुभवी संस्थेच्या माध्यमातून घ्यावा, म्हणजे त्याची पूर्वपीठिका कळते आणि अडचण आली तर विचारावयास कोणीतरी असते. प्रत्येक जण आपल्याला झेपेल असेही नाही. व्यसनात खोल रुतलेल्यास किंवा मनाने आजारी असलेल्यास प्रथम उपचार हवेत. लहान मुलांवरील अत्याचाराच्या गुन्ह्यातील माणसाला पाठशाळेच्या शेजारी ठेवणे योग्य नव्हे. त्याची व्यवस्था जाणकारांवरच सोपवावी. असा नकार देण्यात निष्ठुरता नाही. सरसकट नकारात मात्र ती आहे.

भाडे घ्यावे. पहिला महिना सोडून द्यावा, दुसऱ्या महिन्यापासून थोडे का होईना घ्यावेच. फुकट मिळालेल्या खोलीत मनुष्य पाहुणा म्हणून राहतो, आणि पाहुण्याला कधीही जा म्हणता येते हे तो जाणून असतो. अनामत रकमेची हमी संस्थेने घ्यावी. ती पाच-सात सभासदांत वाटून घेतली तर कोणावरच भार पडत नाही.

कामाच्या बाबतीत आपल्या पेठेला अवघड काहीच नाही. गठ्ठे उतरविणे, तागे उलगडून मोजणे, घड्या घालणे, गोदामाची झाडलोट, पार्सले शिवणे ही कामे दोन दिवसांत शिकता येतात. आपल्या मोठ्या कारागृहांतून मागावर कापड निघते, शिवणकाम चालते; तेव्हा काहींच्या हाताला कापडाची सवयही असते. त्याला गल्ल्यावर बसवावे, असे कोणी म्हणत नाही. पहिल्याच दिवशी गल्ल्यावर तर आपण सख्ख्या पुतण्यालाही बसवीत नाही. त्याचा गुन्हा एकदा, एकाने, बंद खोलीत विचारावा आणि पुन्हा काढू नये. दुकानात शंभर रुपये कमी भरले की सर्वांच्या नजरा प्रथम त्याच्याकडे वळणार, हे गृहीत धरावे. त्या दिवशी मालकाने आधी वही तपासावी.

आणखी एक लहानशी गोष्ट, परंतु ती विसरली तर बाकीचे व्यर्थ जाते. खोलीचा करारनामा करताना सोयीसाठी तो संस्थेच्या किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर करण्याकडे आपला कल असतो. तसे करू नये. हमी संस्थेची असावी, सही हवी तर दोघांची असावी, पण भाडेकरू म्हणून नाव त्याचेच असावे आणि करारनामा नोंदविलेला असावा. कारण आधार पत्रावरील जुना पत्ता बदलून घेण्यासाठी त्याला तोच कागद घेऊन जावयाचे असते.